मॅगझिनमधलं पीठ

१२ जानेवारी

बाबांना नमस्कार.

पाकिटावरचं अक्षर ओळखीचं वाटलं नसेल. मी तुमची सून. लग्न झाल्यापासून आपण एकमेकांशी चार वाक्यंही धड बोललो नाही, आणि आता पहिलं पत्र लिहितेय तेही कामापुरतं, म्हणून आधीच माफी मागून ठेवते. तुमचा मुलगा रविवारी आईंना फोन करतो तेव्हा मी म्हणून बघितलं, बाबांना जरा दे. दर वेळी आई म्हणतात, "ते गच्चीवर आहेत." शेवटी ठरवलं, फोन नाही तर नाही, पत्र तरी गच्चीवर पोचेल.

मी कोर्टात पहारेकरी म्हणून लागले हे आईंनी सांगितलं असेल. मुख्य दरवाजावर उभी असते, कमरेला पिस्तूल. ते नवीन आलेलं आहे, छोट्या आकाराचं. मूठ इतकी आखूड की करंगळीला जागाच नाही, ती बिचारी खाली लोंबकळते. नोकरी अजून कच्ची आहे. मार्चमध्ये नेमबाजीची परीक्षा आहे, ती पास झाले की पक्की. परीक्षेत पिस्तूल एकदा अडकलेलं चालतं, पुन्हा अडकलं की नापास. नापास झालेल्यांना आत नोंदवहीच्या टेबलावर बसवतात. मला टेबलावर बसायचं नाहीये.

आणि माझं पिस्तूल अडकतं. दोन-तीन गोळ्या नीट सुटतात, मग पुढची गोळी वर येताना नाक खाली घालते आणि नळीच्या तोंडाशी जाऊन बसते. वरची सरकती स्लाइड अर्धवट उघडी राहते. कधी कधी दोन गोळ्या एकदम घुसतात आणि सगळंच घट्ट बसतं. नेमबाजी शिकवणारे आमचे उस्ताद म्हणतात, तुझं मनगट ढिलं आहे. मनगट मजबूत व्हावं म्हणून मी रोज ओल्या चादरी पिळतेय. चादरी फाटायला आल्या, पिस्तूल काही सुधारलं नाही.

तुम्ही सगळी हयात शस्त्रागारात मिस्त्रीचं काम केलंत. आमच्याकडे ती जागा रिकामी आहे. तुमचा मुलगा म्हणतो, बाबांना विचारू नकोस, ते उत्तर देणार नाहीत. म्हणून त्याला न सांगता लिहिलंय.

तुमची सून


१९ जानेवारी

सूनबाई,

मी उत्तर देणार नाही असं म्हणणाऱ्याला इतकंच सांग की पाकीट फोडलं आणि चष्मा शोधायला उठलो. नाहीतर नको सांगूस. तुझं तू बघ.

आधी नियम. पिस्तुलाला हात लावण्यापूर्वी मुठीतलं गोळ्यांचं मॅगझिन बाहेर काढायचं, स्लाइड मागे ओढायची, नळीत डोळ्यांनी बघायचं आणि मग बोटाने चाचपायचं. रिकामं आहे हे पक्कं माहीत असलं तरी. हे मी पुढच्या पत्रातही लिहिणार आहे. कंटाळा आला तरी वाचायचं.

आता तुझे उस्ताद. ते खोटं बोलत नाहीत. स्लाइडला पूर्ण मागे जायला पिस्तूल घट्ट धरलेलं असावं लागतं. हात ढिला पडला की स्लाइड अर्ध्यात परत येते आणि गोळी अडकते. मोठं पिस्तूल हे थोडंफार चालवून घेतं. छोट्यात सगळंच तोकडं, स्प्रिंग तोकडी, धाव तोकडी, त्यामुळे चुकीला जागा नाही. पण विचार कर. मनगट ढिलं असेल तर ते सगळ्याच मॅगझिनबरोबर ढिलं असेल. मनगट मॅगझिन बघून वागत नाही.

तेव्हा दुखणं कोणाचं आहे ते आधी शोधायचं. हाताचं, पिस्तुलाचं, की मॅगझिनचं. तुझ्याकडे दोन मॅगझिनं असतील. एकावर एक ठिपका काढ, दुसऱ्यावर दोन. ही शेजारून म्हणतेय नखांचं पॉलिश वापर, खूप टिकतं. सरावाला प्रत्येक वेळी अडकलं की कुठलं मॅगझिन होतं आणि कसं अडकलं ते लक्षात ठेव. एका वेळी एकच गोष्ट बदलायची. दोन बदलल्या आणि पिस्तूल सुधारलं, तर कशामुळे सुधारलं ते कधीच कळत नाही.

मग उस्तादांना नम्रपणे सांग, "सर, एकदा तुमच्या हातून बघू या." भांडायला म्हणून नाही हं. त्यांच्या हातातही अडकलं तर चादरी पिळणं बंद कर.

मॅगझिनं कोण साफ करतं आणि कुठे, तेही लिही.

तुझा सासरा


२८ जानेवारी

बाबा, नमस्कार.

नियम वाचला आणि पाळलाही. माझं बघून शेजारचा पहारेकरीही नळीत बोट घालायला लागलाय.

तुमचं पत्र आल्यावर मी ते दुपारी जेवणाच्या सुट्टीत कोर्टाच्या मागच्या जिन्यात बसून वाचलं. खरं सांगायचं तर दोन ओळींचं येईल असं वाटलं होतं.

मॅगझिनांवर लाल ठिपके काढले. दोन ठिपकेवालं दोन-दोन गोळ्या घुसवतं. एक ठिपकेवालं नाक खाली घालतं. दोघांच्या खोड्या वेगळ्या, आणि इतके दिवस मी त्यांना एकच समजत होते. उस्तादांना विचारायला धीर गोळा करावा लागला. ते म्हणाले, "दे इकडे." एक ठिपकेवालं घातलं, उभे राहिले, आणि तिसऱ्याच गोळीला अडकलं. त्यांनी पिस्तुलाकडे बघितलं, मग स्वतःच्या मनगटाकडे बघितलं. "बरं," म्हणाले. दुसऱ्या दिवशी त्यांनी मला ढिली म्हटलं नाही.

दोन ठिपकेवाल्याचं कारण मीच शोधलं. ते लॉकरच्या खोलीत फरशीवर उलटं पडलं होतं, शिफ्ट बदलताना. वरचे दोन ओठ, गोळीला धरून ठेवतात ते, त्यातला एक किंचित बाहेर वाकलाय. नखाने चाचपलं तर कळतं. पक्कडीने सरळ करू का?

एक ठिपकेवाल्याचं मात्र काही कळत नाही. ओठ ठीक आहेत. तुम्ही विचारलंत कोण साफ करतं. पिस्तूल कोर्टातच कपाटात जमा करावं लागतं, पण रिकामी मॅगझिनं साफ करायला घरी न्यायची परवानगी आहे. मी महिन्यातून एकदा फडक्याने पुसते, बाहेरून. या वेळी पहिल्यांदाच तळाची पट्टी सरकवून आत बघितलं. आत स्प्रिंगच्या वेढ्यांना काहीतरी चिकटलंय. काजळी असेल म्हणून पांढऱ्या कागदावर खरवडलं तर कागदावर दिसेना. पांढरट आहे, आणि चिकट, मळलेल्या कणकेसारखं. कोर्टात असलं काय असतं?

तुमची सून


४ फेब्रुवारी

सूनबाई,

आधी पिस्तूल रिकामं. बघ, लिहिलं.

वाकलेल्या ओठाला पक्कड लावायची नाही. एकदा वाकलेला पत्रा सरळ केला तरी त्याला वाकायची सवय लागलेली असते. दरवाजावर उभं राहणाऱ्या माणसाच्या कमरेला असलं मॅगझिन नको. बदलून माग. कुरकुर केली तर उस्तादांना पुढे कर, आता ते तुझ्या बाजूचे आहेत.

आता ती कणीक. मी तो कागदाचा परिच्छेद हिला वाचून दाखवला. ही कांदा चिरत होती, सुरी खाली ठेवली आणि हसायलाच लागली. मग मलाही कळलं. कोर्टात असलं काही नसतं, सूनबाई. तुझ्या घरात असतं. तुझा नवरा बेकरीत काम करतो. त्याच्या कपड्यांत, नखांत, केसांत मैदा असतो. मॅगझिनच्या आत तेल पडलं की ते तेल हवेतली धूळ ओढतं. तुमच्या घरातल्या हवेत धूळ नसते, पीठ असतं. तेल आणि पीठ मिळून आत खळ झाली. स्प्रिंगवरची, गोळ्यांना वर ढकलणारी पट्टी सरकायला उशीर करते, तोवर स्लाइड येऊन गोळीला ढकलून जाते. म्हणून गोळी नाक खाली घालते.

पण तेल आत आपोआप पडत नाही. तू तर बाहेरून पुसतेस.

आणखी एक बघ. नवं मॅगझिन मिळेल तेव्हा दोन्हींच्या स्प्रिंगा शेजारी ठेवून ताडून बघ. स्प्रिंगच्या सगळ्यात वरच्या वेढ्याला उतार असतो. उंच बाजू पुढे, गोळीच्या नाकाकडे. उलटी बसवली तरी ती बसते, कुरकुर करत नाही, पण नाकाला आधार मिळत नाही. मला वाटतं तुझी उलटी बसली आहे. कोणीतरी ते उघडून, प्रेमाने तेल पाजून, घाईघाईत परत बसवलंय.

सगळं सुक्या फडक्याने पूस. ब्रश फिरव. आत तेल अजिबात नाही, थेंबही नाही. मॅगझिन कोरडं असतं.

आणि त्या कोणीतरीला विचार.

तुझा सासरा


१३ फेब्रुवारी

बाबा,

नियम पाळला. नवं मॅगझिन मिळालं, उस्तादांनी स्वतः जाऊन आणलं. स्प्रिंगा ताडून बघितल्या. उलटी होती.

रविवारी दुपारी तुमचा मुलगा ओट्याशी ट्रे घासत होता. मी ते मॅगझिन टेबलावर ठेवलं आणि विचारलं, "हे कोण उघडतं?"

"कुठलं?"

"बाबा विचारतायत."

त्याचा हात थांबला. "कोणते बाबा?"

"तुझ्याकडे किती आहेत?"

तो हात न पुसताच खुर्चीवर बसला. आधी हसला. मग म्हणाला, "तू त्या दारात उभी असतेस. उद्या काही झालं आणि ते चाललं नाही तर? मॅगझिन घरी येतं तेव्हा तू आंघोळीला गेलीस की मी उघडून तेल घालायचो. तुझी झोप उडायला नको म्हणून बोललो नाही."

"तेल कशाला घातलंस?"

"बाबा सगळ्याला तेल घालायचे. मी बघितलंय ना."

मला त्याच्यावर चिडता आलं नाही, बाबा. माझी नोकरी जायची वेळ आणली होती त्याने, पण ती काळजीपोटी. मग मी तुमची पत्रं त्याला दिली. त्याने ती वाचली, ट्रे तसेच सोडून पुन्हा वाचली. "उलटी बसवली तरी ती बसते, कुरकुर करत नाही" हे वाक्य त्याने मोठ्याने वाचलं आणि म्हणाला, "हे बाबाच. असंच बोलतात."

आता मी जे लिहिणार आहे ते सुनेने लिहावं की नाही मला माहीत नाही. तुम्ही मला इतकं लिहिता, मग त्याच्या फोनला का येत नाही? त्याला वाटतं तुमचं शस्त्रागार सोडून तो भट्टीवर गेला हे तुम्ही अजून मनात धरून आहात. लग्नाच्या दिवशी तुम्ही कोपऱ्यात बसलात. त्याचे मित्र येऊन बोलले, तुम्ही उत्तर दिलं नाहीत, नुसती मान हलवलीत आणि गाडीची वेळ झाली म्हणून उठलात. त्याच्या मालकांनी त्याचं तोंड भरून कौतुक केलं तेव्हा तुम्ही खिडकीबाहेर बघत होतात. तो ते विसरलेला नाही. मीही नाही. पत्रं वाचली की मला वाटतं तो माणूस वेगळा आणि हा वेगळा.

रागावलात तरी लिहा.

तुमची सून


२० फेब्रुवारी

सूनबाई,

रागावलो नाही. लिहायला जड जातंय इतकंच.

मला ऐकू येत नाही. डावा कान पूर्ण गेला, उजव्यात सतत एक घंटा वाजत असते. शस्त्रागारात दुरुस्त केलेलं प्रत्येक हत्यार झाडून बघावं लागतं. आम्ही कानात कापसाचे बोळे घालायचो आणि स्वतःला शहाणे समजायचो. समोर बसून कोणी सावकाश बोललं तर मी ओठांवरून ओळखतो. ही तशीच बोलते, म्हणून घरात निभतं. चार जण एकदम बोलायला लागले की मला सगळं पाण्याखालून आल्यासारखं वाटतं. लग्नात तसंच झालं. त्याचे मालक काही बोलत होते हे मला तुझ्या पत्रातून कळलं. चांगलं बोलले हे वाचून बरं वाटलं.

फोनवर तर नुसती खरखर येते. तो भट्टीवर गेला त्याच्या पुढच्या वर्षी एकदा त्याचा फोन आला, हिने माझ्या हातात दिला. त्याने काहीतरी विचारलं. मी म्हटलं, "हो, हो." पलीकडून फोन बंद झाला. काय विचारलं होतं कोण जाणे. तेव्हापासून फोन वाजला की मी गच्चीवर जातो. हिला सांगून ठेवलंय, कोणाला बोलायचं नाही. म्हातारा बहिरा झाला म्हणून कीव करून घ्यायची मला हौस नाही.

भट्टीचं म्हणशील तर, तो गेला तेव्हा मला वाईट वाटलं. राग नव्हता. हाताखाली तयार होत होता. आम्ही पिस्तुलापर्यंत आलो होतो, पिस्तुलाला तेल लागतं. मॅगझिन कोरडं ठेवायचं हा पुढचा धडा, तो राहून गेला. म्हणजे तुझ्या मॅगझिनात पीठ त्याचं आणि अर्धा धडा माझा.

हे तुझ्यापाशीच ठेव.

परीक्षेच्या आधी दोन्ही मॅगझिनं भरून भरपूर सराव कर. एकदाही अडकलं तर ते मॅगझिन कमरेला लावायचं नाही.

तुझा सासरा


८ मार्च

बाबा,

पास झाले. एकदाही अडकलं नाही. शेवटची गोळी सुटून स्लाइड मागे थांबली तेव्हा मी कानावरची टोपणं काढायचंच विसरले, उस्ताद काहीतरी बोलत होते आणि मी नुसती मान हलवत होते. मग एकदम तुमची आठवण झाली. बाहेरून मी अगदी तुमच्यासारखीच दिसत असणार. टोपणं काढून विचारलं, "काय म्हणालात सर?" ते म्हणाले, "मनगट चांगलं आहे म्हणालो." चादरींचं चीज झालं. त्यांनी आता सगळ्यांच्या मॅगझिनांवर ठिपके काढायला लावलेत, नखांच्या पॉलिशची बाटली माझीच फिरतेय.

नोकरी पक्की झाली, पत्र हातात आलं.

दुसरी गोष्ट. तुमचं मी माझ्यापाशी ठेवलं नाही. ठेवणार होते. तुमचं पत्र तीन-चार दिवस पर्समध्ये घेऊन फिरले. पण रविवारी त्याने आईंना फोन केला, नेहमीसारखं विचारलं, "बाबा?" आणि आई म्हणाल्या, "गच्चीवर." त्याने फोन ठेवला आणि ज्या तोंडाने तो भांडी लावायला लागला ते बघून माझ्याच्याने राहवलं नाही. पत्र काढून त्याच्या हातात दिलं.

त्या फोनवर त्याने काय विचारलं होतं, सांगू? त्याने विचारलं होतं, "बाबा, अजून राग आहे का?"

तुम्ही म्हणालात, "हो, हो."

आई त्याला किती वर्षं सांगत होत्या की तुम्हाला राग नाही. तो म्हणायचा, मी माझ्या कानांनी ऐकलंय. परवा पत्र वाचून तो टेबलाशी बसला. मग म्हणाला, "म्हणजे त्यांना ऐकूच आलं नव्हतं?" मी म्हटलं नाही. मग पुन्हा तेच म्हणाला. मग उठून दुसऱ्या दिवसाचं पीठ चाळायला घेतलं, घरी, ज्याची काही गरज नव्हती.

कोर्ट मला पंधरवड्याच्या शिबिराला पाठवतंय. घर रिकामं आहे, म्हणजे तो आहे, पण जेवायला कोणी सोबत नाही. तुम्ही आणि आई या. हे आमंत्रण मी लिहितेय, पण खाली सही त्याची घेतली आहे. त्याने सहीच्या वर एक ओळ लिहायला घेतली होती, ती खोडली आणि म्हणाला, "समोर आले की सावकाश बोलेन."

तुमची सून
आणि मुलगा


२५ मार्च

सूनबाई,

तुझ्याच टेबलावर बसून तुला लिहितोय. तुझ्या टेबलाचा एक पाय आखूड होता. आता नाही.

शिबिरात पिस्तूल रिकामं करून बघतेस ना? एवढं विचारून झालं, आता इथलं.

तो आम्हाला घ्यायला स्टेशनवर आला होता. पहिले दोन दिवस आम्ही दोघं पाहुण्यांसारखे वागलो. तो समोर बसून इतकं सावकाश बोलायचा की हिला हसू यायचं. "बा-बा. च-हा." मी म्हटलं, अरे, मी बहिरा आहे, परदेशी नाही. मग तो हसला आणि जरा सैल झाला. राग आहे का हे त्याने पुन्हा विचारलं नाही, मीही आपणहून काढलं नाही. संध्याकाळी मॅगझिनची स्प्रिंग कशी असते ते मी कागदावर काढून दाखवलं, उंच बाजू पुढे. तो म्हणाला, आता काय उपयोग, ती मला हात लावू देणार नाही. मी म्हटलं, बरोबरच आहे तिचं.

परवा त्याच्याबरोबर बेकरीत गेलो. तुला माहीत असेल, मला नव्हतं. पीठ मळायचं यंत्र चालू झालं की तिथे कोणालाच काही ऐकू येत नाही. सगळे हातांनी बोलतात. दोन बोटं म्हणजे पाणी वाढव, मूठ म्हणजे थांब, तळवा आडवा म्हणजे ट्रे काढ. नाहीतर कानाशी येऊन ओरडतात, आणि समोरच्याला एका फटक्यात समजलं नाही म्हणून कोणी कोणाकडे वेगळं बघत नाही. इतक्या वर्षांत मी पहिल्यांदाच अशा जागी बसलो जिथे मी सगळ्यांसारखाच होतो. दुपारपर्यंत बसलो. मालकांनी मला लग्नातलं कौतुक पुन्हा ऐकवलं, कानाशी, पूर्ण. तुझ्या नवऱ्याचा हात पिठाला लागला की ते ऐकतं, असं म्हणाले. मी त्याचे हात बघत होतो. घाई नाही, जास्त जोर नाही. चांगल्या मिस्त्रीचे हात असेच असतात. हे त्याला मी सांगितलं, यंत्र चालू असताना. त्याला ऐकू आलं नसावं असं वाटलं, पण मग तो वळून भट्टीचं दार उगाचच उघडबंद करायला लागला.

इथल्या डॉक्टरांकडेही तो मला घेऊन गेला. कानात घालायचं यंत्र सांगितलंय, पुढच्या महिन्यात मिळेल. घंटा जाणार नाही म्हणाले, पण बोलणं कळेल.

आमचं उद्या परत निघायचं ठरलं होतं. ही बॅग भरत होती. तो दारात उभा राहिला आणि काहीतरी म्हणाला, सावकाश नाही, नेहमीच्या वेगाने, मान खाली घालून. ओठ दिसले नाहीत. पण घर शांत होतं, उजव्या कानाने शब्द पकडले. "बाबा, यंत्र मिळेपर्यंत इथेच राहा ना."

तरी मी हात कानामागे नेला आणि म्हटलं, "काय?"

तो जवळ आला, माझ्या उजव्या बाजूला बसला आणि पुन्हा म्हणाला.

तुझा सासरा